दक्षिण आशियाई स्थलांतरितांवरच्या कादंबऱ्या एकाच साच्यातल्या का वाटतात? नात्यांसाठी कोणत्या वाचाव्यात?

भारत, पाकिस्तान किंवा बांगलादेशातून परदेशी गेलेल्या माणसांवरच्या तीन-चार कादंबऱ्या वाचल्या की पुढची प्रत्येक कादंबरी आधी वाचल्यासारखी वाटते, असे आपण लिहिले आहे आणि नातेसंबंधांविषयी खरोखर वेगळे काही सांगणारी पुस्तके विचारली आहेत. ही तक्रार निराधार नाही. ठरवून झालेले लग्न, परक्या थंडीत एकटी पडलेली नवी नवरी, दोन संस्कृतींत ओढला जाणारा मुलगा आणि आई-वडिलांचे मोल त्याला फार उशिरा कळणे, हा क्रम आता वाचकाला पाठ झाला आहे. तरीही मला दोष विषयाचा वाटत नाही. आपल्या हाती आधी पडणारी बरीच पुस्तके एकाच वर्गातल्या स्थलांतरितांची असतात, हे त्यामागचे मोठे कारण आहे.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि कौटुंबिक नाते व व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले. त्यानंतर भारतातून तिकडे गेलेल्यांत डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक आणि प्राध्यापक यांचा भरणा मोठा होता. या घरांत पगार येत असतो, कागदपत्रे नीट असतात, त्यामुळे संघर्ष ओळखीचा, आठवणींचा आणि पिढ्यांमधल्या अंतराचा उरतो. झुंपा लाहिरी यांची २००३ मधली ‘द नेमसेक’ ही या घराची कादंबरी आहे. अनेक वाचकांना तिचा नायक गोगोल निष्क्रिय वाटतो, त्याच्या प्रेमप्रकरणांत मन गुंतत नाही. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी पटतो. पण त्यामुळे पुस्तक बाजूला ठेवणाऱ्यांच्या हातून त्यातला सर्वांत मोलाचा भाग निसटतो, आणि तो म्हणजे गोगोलचे आई-वडील आशिमा आणि अशोक यांचा संसार. नवऱ्याचे नाव कधी तोंडाने न घेणारी ही बाई आणि एका रेल्वे अपघातातून वाचल्याची आठवण वर्षानुवर्षे मनात बाळगणारा हा अबोल माणूस यांच्यात प्रेम नेमके केव्हा निर्माण झाले, हे लेखिका कुठेही सांगत नाही. ते रोजच्या व्यवहारात साचत गेलेले असते आणि एकाच्या जाण्यानेच त्याची खोली वाचकाला कळते. मुलाच्या बोलक्या, निवडलेल्या नात्यांपेक्षा हे न बोललेले नाते मला कितीतरी भरीव वाटते.

ब्रिटनचा इतिहास निराळा असल्याने तिथल्या कादंबऱ्याही निराळ्या आहेत. बांगलादेशातल्या सिल्हेटहून पूर्व लंडनमध्ये आलेल्यांत आधी एकटे पुरुष होते, बायका-मुले पुष्कळ नंतर आली. मोनिका अली यांच्या ‘ब्रिक लेन’मधली नाझनीन १९८० च्या दशकात लग्न होऊन तिथल्या सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये येते. तिच्या घरात पहिल्यांदा बदल घडतो तो शिलाई यंत्रामुळे. घरी बसून कपडे शिवण्याचे काम ती घेते, हातात स्वतःच्या कष्टाचे पैसे येतात, कापडाचे गठ्ठे आणणारा तरुण करीम तिच्या आयुष्यात येतो आणि मोठमोठ्या योजना आखणाऱ्या, कर्जात अडकलेल्या तिच्या नवऱ्याचे, चानूचे घरातले स्थान हलू लागते. प्रेमप्रकरणाने संसार बदलतो असे वरवर दिसते, पण त्याआधी कमाईने तो बदललेला असतो. या पुस्तकावरचा एक आक्षेप मला रास्त वाटतो: ढाक्याहून येणारी नाझनीनच्या धाकट्या बहिणीची, हसीनाची पत्रे मोडक्या इंग्रजीत दिली आहेत, वास्तविक ती आपल्या मातृभाषेतच लिहीत असणार. त्या पत्रांमुळे हसीना विनाकारण भोळसट भासते. चानू हास्यास्पद आहे, हा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. त्याच्याकडे पदवी आहे, वाचन आहे आणि त्याची किंमत करणारे कोणीही नाही. त्याच्या बडबडीमागचा अपमान ज्याला ऐकू येतो, त्याला तो इतक्या सहज हसण्यावारी नेता येणार नाही.

तरीही आपल्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर देणारी कादंबरी म्हणजे सुंजीव साहोता यांची ‘द इयर ऑफ द रनअवेज’, जी २०१५ मध्ये बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होती. शेफील्डमध्ये कामासाठी वणवणणाऱ्या तरुणांची ही कथा आहे. त्यांतल्या रणदीपचे लग्न केवळ व्हिसासाठी झालेले आहे. त्याची बायको नरिंदर इंग्लंडमध्येच वाढलेली, श्रद्धाळू शीख मुलगी आहे. दोघे वेगळे राहतात, पण अधिकारी तपासणीला आले तर संसार दिसावा म्हणून त्याचे कपडे तिच्या घरात ठेवलेले असतात. ठरवून केलेले लग्न आपण असंख्य पुस्तकांत पाहिले आहे, पण कायद्याच्या नजरेला पटावे म्हणून उभे केलेले लग्न, त्यात हळूहळू शिरणारी आशा आणि त्या आशेचा समोरच्या माणसावर पडणारा भार, हे इतक्या बारकाईने लिहिलेले मी अन्यत्र वाचलेले नाही. याच कादंबरीतला बिहारमधला तोची दलित आहे आणि त्याची जात इंग्लंडमधल्या भारतीयांच्या घरांतही त्याची पाठ सोडत नाही. परदेशात सगळे ‘आपलेच’ असतात, या समजुतीला याहून कठोर उत्तर मला माहीत नाही. सुरुवातीची पाने अवघड जातात, कारण अनेक पात्रे आणि बरेचसे पंजाबी शब्द स्पष्टीकरणाविना येतात. शंभरेक पाने धीर धरावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आई-वडील आणि मुले यांच्या नात्यासाठी अखिल शर्मा यांची ‘फॅमिली लाइफ’ वाचावी. दिल्लीहून अमेरिकेत गेलेल्या या कुटुंबातला हुशार थोरला मुलगा पोहण्याच्या तलावातल्या अपघातानंतर कायमचा परावलंबी होतो. आई त्याच्या शुश्रूषेत बुडते, वडील दारूकडे वळतात आणि धाकटा अजय यश मिळवत असतानाच अपराधी वाटून घेत राहतो. इथे संस्कृतींचा संघर्ष जवळजवळ नाही, दुःख आहे आणि ते सोसायला आप्तांचा आधार नसलेले घर आहे. पुस्तक आकाराने लहान असून भाषा अत्यंत साधी आहे.

म्हणून आपण ‘फॅमिली लाइफ’पासून सुरुवात करावी, मग साहोतांकडे वळावे आणि ‘द नेमसेक’ आधी वाचली असेल तर ती त्यानंतर, केवळ आशिमावर लक्ष ठेवून, पुन्हा एकदा उघडावी.