पायोग्लिटाझोन आणि मूत्राशयाचा कर्करोग: भरपाई मागण्याआधी केसपेपर हातात घ्या

आपल्या वडिलांनी मधुमेहासाठी तीन औषधे एकत्र असलेली गोळी अनेक वर्षे घेतली, लघवीतून रक्त जाऊ लागल्यावरही ती चालूच राहिली, आणि मूत्राशयाचा कर्करोग निघाल्यावर त्या गोळीत, या कर्करोगाशी ज्याचा संबंध जोडला जातो ते पायोग्लिटाझोन हे औषध असल्याचे आपल्याला कळले, हे वाचताना मला माझ्या थोरल्या भावाचेच प्रकरण वाचतो आहे असे वाटले. अमेरिकेत रुग्णांना मिळाली तशी भरपाई इथे मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. भावाच्या वतीने ग्राहक आयोगात तक्रार चालवताना जे समजले, तेवढेच लिहितो.

हे औषध मूळ बनवणाऱ्या टाकेडा कंपनीने २०१५ मध्ये मान्य केलेली सुमारे २.४ अब्ज डॉलरची तडजोड अमेरिकेतील दाव्यांपुरती होती, त्यामुळे तो विषय सोडून द्यावा. आपल्या सरकारने जून २०१३ मध्ये या औषधाची विक्री थांबवली आणि ३१ जुलै २०१३ रोजी ही बंदी काही अटींवर उठवली. मधुमेहावरचा पहिला उपचार म्हणून हे औषध वापरू नये आणि लघवीतून रक्त जाण्याचे कारण तपासलेले नसेल तर ते देऊ नये, असा ठळक इशारा औषधासोबतच्या माहितीपत्रकात छापण्याचे बंधन तेव्हा कंपन्यांवर आले. आपल्या प्रकरणाचा सारा जोर यातील दुसऱ्या मुद्द्यावर आहे.

कंपनीविरुद्धचा दावा वाटतो तितका सरळ नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार पुरेसा इशारा न देणाऱ्या उत्पादकाला जबाबदार धरता येते. मात्र वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असेल आणि त्या तज्ज्ञापर्यंत इशारा पोहोचवण्याचे वाजवी प्रयत्न झाले असतील, तर कलम ८७ उत्पादकाला मोकळे करते. म्हणजे कंपनी माहितीपत्रक पुढे करून डॉक्टरांकडे बोट दाखवणार, आणि डॉक्टर तंबाखू, वय असली इतर कारणे पुढे करणार. म्हणून दोघांनाही एकाच तक्रारीत प्रतिवादी करावे, असे माझे ठाम मत आहे. आपल्या वकिलांचे मत वेगळे असेल तर अर्थातच त्यांचे ऐकावे. गोळीमुळेच कर्करोग झाला हे एका रुग्णाच्या बाबतीत सिद्ध करणे फार कठीण आहे. लघवीत रक्त दिसूनही तपासणी न करता गोळी चालू ठेवली, हे मात्र कागदावरून दाखवता येते, तरीही त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जोडलेले बरे. सरकारी रुग्णालयात सर्वांनाच मोफत उपचार मिळत असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होतो आणि दिवाणी न्यायालय उरते.

आता ज्या एका खिडकीने आमचे सर्वांत जास्त नुकसान केले, तिच्याविषयी. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागाने आधी रुग्णाने स्वतः यावे असे सांगितले. लघवीची नळी (कॅथेटर) लावलेला माझा भाऊ तिथे जाऊन बसला, तेव्हा अर्ज ठरावीक नमुन्यात हवा म्हणाले. नमुन्यात दिला तेव्हा न्यायालयाचा आदेश आणा म्हणाले. आणि शेवटी जुने केसपेपर नष्ट केल्याचे तोंडी सांगून मोकळे झाले. वास्तविक भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात; न्यायालयाच्या आदेशाची अट त्यात कुठेही नाही. मात्र आंतररुग्णाचे, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णाचे, कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे जपण्याचे बंधन आहे, आणि टोलवाटोलवीत नेमका तोच काळ निघून जातो. त्या खिडकीवरचा माणूस उद्धट नव्हता, उलट अत्यंत नम्र होता, आणि त्या नम्रतेमुळेच आम्ही लेखी नकार मागायला संकोचलो.

आपण आजच अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. कागद दिले नाहीत तर ती पोच आयोगापुढे रुग्णालयाच्याच विरुद्ध वापरता येते. मेडिक्लेम घेतला असेल तर विमा कंपनीच्या दाव्याच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या प्रती बहुधा असतात. आमचे निम्मे कागद तिथूनच मिळाले. औषधाच्या दुकानातील पावत्या शोधाव्यात, कारण त्यांवर कंपनीचे नाव आणि बॅच नंबर असतो. पायोग्लिटाझोन असंख्य नावांनी विकले जाते, त्यामुळे कोणत्या कंपनीची गोळी हे सांगता आले नाही तर प्रतिवादी कोणाला करणार?

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती कधी सुरू होते यावर वकील वाद घालू शकतात, परंतु आपण बायोप्सीच्या अहवालाची तारीख धरून चालावे. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. अधिकारक्षेत्र आपण प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर (म्हणजे दिलेल्या पैशांवर) ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, त्यामुळे मोठी रक्कम मागितली तरी तक्रार बहुधा जिल्हा आयोगातच, आणि तीही वडील राहतात त्या जिल्ह्यात करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या औषध दक्षता कार्यक्रमाकडे केलेली नोंद उपयोगी आहे, पण तिथून भरपाई मिळत नाही. आम्हाला तसे सांगणारे भेटले होते, म्हणून मुद्दाम लिहिले. आणि वडिलांची ती गोळी अजून चालू असेल तर मनाने बंद न करता उद्याच कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावी, आणि ती बंद करण्याची सूचना त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्यावी.