‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणजे स्वभावदोष का?

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या भावाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ असं लिहिलं, घरी आईला मराठीत काय सांगायचं म्हणून यांनी ‘स्वभावदोष’ असं सांगून टाकलं, तर आई म्हणाली मग फेऱ्या कशाला मारता, स्वभावाला औषध नाही. आता ताईंचे प्रश्न असे की बरोबर मराठी शब्द कुठला, ‘व्यक्तिमत्व’ लिहायचं की ‘व्यक्तिमत्त्व’, आणि भावाच्या रजेच्या अर्जात काय लिहायचं.

शुद्धलेखनाचं आधी उरकतो. ‘व्यक्तिमत्’ला ‘त्व’ लागला की व्यक्तिमत्त्व, म्हणून दोन त. महत्त्व, तत्त्व, सत्त्व या शब्दांचंही तेच. पुरुषत्व, बंधुत्वात मूळ शब्दाच्या शेवटी त नाही म्हणून तिथे एकच. पेपरवाले आणि दुकानाच्या पाट्यावाले सर्रास एक त खातात, त्यांच्याकडे बघू नका.

आता शब्द. पाठ्यपुस्तकांत ‘व्यक्तिमत्त्व विकार’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ दोन्ही सापडतात. मी ‘विकार’ घेईन. विकृतीचं बोलीत वाट्टोळं झालंय, ‘विकृत माणूस’ म्हटलं की डोळ्यासमोर बातमीतला गुन्हेगार येतो, आणि कुठल्या पेशंटच्या आईला ते ऐकायचंय? कीर्तनात ‘विकार’सुद्धा कामक्रोधांच्या पंगतीला बसतो हे खरं, पण हृदयविकार, त्वचाविकार, मूत्रविकार यांनी त्याला केव्हाच धुऊन काढलंय, हृदयविकार झाला म्हणून कोणी माणसाच्या चारित्र्यावर जात नाही. शास्त्रात विकार म्हणजे नुसता पालट, दुधाचं दही होणं हे त्याचं ठरलेलं उदाहरण. ‘दोष’ मात्र बोलीत कुणाच्या ना कुणाच्या माथी मारायचाच असतो. आयुर्वेदात वात-पित्त-कफ यांनाही दोष म्हणतात हे मला माहीत आहे, पण तुमच्या आईने ‘स्वभावदोष’ ऐकून पोराने मनावर घेतलं तर जाईल असाच अर्थ घेतला असणार, आणि त्यात तिची काही चूक नाही, शब्दच तसा आहे.

आता थोडं विषयांतर करतो, कारण हे शब्दांच्या वेडापायी सांगितल्याशिवाय राहवत नाही. माणसाच्या स्वभावाचं शास्त्र चक्क डिक्शनरीतून निघालंय. १८८४ साली गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रॉजेटचा थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, चाळून अंदाज केला की इंग्रजीत स्वभाव सांगणारे हजारभर शब्द तरी असावेत. मग १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरची भली मोठी डिक्शनरी पालथी घालून १७,९५३ शब्द काढले, त्यातले ४,५०४ टिकाऊ स्वभावाचे. म्हणणं असं की माणसांना एकमेकांत जो फरक महत्त्वाचा वाटतो त्याला भाषा आपोआप शब्द करून ठेवते. पुढे कॅटेलने ती यादी चाळत चाळत सोळा घटकांवर आणली, आणि नंतरच्या लोकांनी पाचावर, तेच आजचं ‘बिग फाइव्ह’. मराठीत कोणी हा उद्योग केला तर काय मजा येईल बघा, आतल्या गाठीचा, फटकळ, भिडस्त, चेंगट, हेकट, तिरसट, एककल्ली, लोचट, सालस, धांदरट, कुजकट, मनकवडा... आणि आपल्याकडे वाईट स्वभावाचे शब्द चांगल्याच्या दुप्पट तरी निघतील असं मला उगाच वाटतं.

मुद्दा काय, तर या सगळ्या यादीतला एकही शब्द आजाराचं नाव नाही. आपल्या म्हणीतच आहे, व्यक्ती तितक्या प्रकृती. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदासुद्धा कलम ३ मध्ये हेच सांगतो, की आजूबाजूच्या समाजाच्या नैतिक, सामाजिक, धार्मिक चालीरीतींशी जमत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. तऱ्हेवाईक काका हा तऱ्हेवाईक काकाच असतो. विकार कधी म्हणायचं, तर तोच ताठरपणा, तेच टोकाला जाणं पोरवयापासून वर्षानुवर्षं, घरी, कामावर, मित्रांत, सगळीकडे तसंच चालत आलेलं असतं आणि त्यापायी माणूस स्वतः किंवा त्याच्या आसपासचे पोळून निघतात तेव्हा. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या यादीत याचे दहा प्रकार आहेत, पण जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची यादी, जी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ते कप्पे मोडून सौम्य, मध्यम, तीव्र अशी पायरी सांगायची पद्धत आली आणि वेगळं नाव उरलं ते बॉर्डरलाइनचंच. ‘बॉर्डरलाइन’ला ‘सीमावर्ती’ वगैरे करू नका हं, गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या चेकपोस्टवरचा आजार वाटतो. तिथे सरळ बॉर्डरलाइनच म्हणा, आणि आईला सांगताना ‘त्याच्या भावना एकदम उसळतात, माणूस सोडून जाईल या भीतीने तो कासावीस होतो आणि रागाच्या, दुःखाच्या भरात स्वतःला इजा करून घेतो’ असं त्याला जे होतं तेच सांगा.

आता आईची ती ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण. गंमत म्हणजे शब्दशः घेतली तर आई बरोबर आहे, बॉर्डरलाइनवर म्हणून अशी खास गोळी नाहीच. सोबत डिप्रेशन असेल तर डॉक्टर त्याची औषधं देतात, पण मुख्य इलाज बोलण्याचा आणि शिकण्याचा. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) नावाची थेरपी बसवली, १९९३ मध्ये तिचं पुस्तक आलं. उसळी आली की ती अंगावर न घेता जाऊ कशी द्यायची, नाही कसं म्हणायचं, मदत कशी मागायची, हे तिथे अक्षरशः शिकवणी लावल्यासारखं शिकवतात, गृहपाठासकट. आणि २०११ मध्ये बाईंनी जाहीर सांगितलं की तरुणपणी आपण स्वतः अशाच त्रासाने हॉस्पिटलात होतो. बरेच पेशंट काही वर्षांत पुष्कळ सुधारतात हे आता डॉक्टरही मानतात.

आणि मराठीला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. ‘जित्याची खोड’ म्हणणारी भाषाच ‘भीड चेपली’, ‘वळण लागलं’, ‘सवय मोडली’ असंही म्हणते. आपल्या पणजीत जुन्या सचिवालयाजवळ ज्याचा पुतळा आहे तो पाद्री आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला, पुढे पॅरिसमध्ये संमोहनावर पुस्तक लिहिणारा, त्याची दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. लिस्बनमध्ये राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि समोरची बडी मंडळी बघून गप्प झाला, तेव्हा बापाने कोकणीत हळूच म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’. खरं-खोटं जाऊ द्या, भीड चेपायला तिथे एक वाक्य पुरलं असं लोकांना पटतं, मग शिकवणी लावून काही होईल हे का पटू नये?

एक गोष्ट मात्र ‘स्वभाव’ या शब्दाची मला खरंच धोक्याची वाटते. नीट ऐकलंत तर लोक दोन तऱ्हेने बोलतात, ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ आणि ‘त्याचा स्वभाव तसा झालाय’. स्वभाव असतो, तो होत नाही. ज्या घरात ‘झालाय’ ऐकू येईल तिथे कान टवकारावेत, कारण मग डिप्रेशन, थायरॉइड, दारू, म्हाताऱ्या माणसात डिमेन्शिया, काहीही निघू शकतं. आमच्या वाड्यावरचे एक पखवाजी, भजनाला सगळ्यांच्या आधी येऊन कणीक मळून पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावणार, थाप मारून ऐकणार, परत चिमूटभर काढणार. ते यायचे थांबले, आले तरी कणकेचा गोळा तसाच ठेवून भिंतीला टेकून बसायचे, घरचे म्हणायचे वयाने घुमे झालेत. कोणी म्हणे कौल लावा. शेवटी सुनेने आरोग्य केंद्रात नेलं तर डिप्रेशन निघालं, गोळ्या सुरू झाल्या आणि समुपदेशनही, आणि समुपदेशक बाईंनी पहिलं काय सांगितलं, तर वाजवू नका वाटलं तरी नुसती कणीक मळायला जा. ही पद्धत वरवरची नाही, गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांत असा इलाज करून बघितला गेला आणि त्याचा गुण आला हे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नावाने.

तेव्हा ताई, तुमच्या भावाचं पोरवयापासूनचं असेल तर ते ‘व्यक्तिमत्त्व विकार’, पण मध्येच काही नवीन ‘झालं’ असेल, झोप उडाली, जेवण सुटलं, तर ते डॉक्टरांना वेगळं सांगा, स्वभावाच्या खात्यात टाकू नका. जीव द्यायची भाषा केली तर रागाने बोलतो म्हणून सोडू नका, त्याला एकटं ठेवू नका, बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्या, आणि टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

राहिला रजेचा अर्ज. त्यात ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ एवढंच लिहा. प्रकृतीत शरीरही आलं आणि स्वभावही, त्यामुळे खोटं काहीच होत नाही. सर्टिफिकेट मागितलं तर विश्रांतीची गरज आहे एवढंच लिहून द्या अशी डॉक्टरांना विनंती करता येते, आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. साहेबांनी अगदीच खोदून विचारलं तर ‘उपचार चालू आहेत’ म्हणा, आणि ‘अस्वास्थ्य’मधला पहिला स ऱ्हस्व-दीर्घ करत बसू नका, तिथे तसलं काही नाही, फक्त ‘थ्य’ नीट काढा.