"हे फक्त तुमच्या-माझ्यात हं!"

"मॅडम, लोक मला सगळं सांगतात आणि रात्री मला झोप लागत नाही." मी समुपदेशक आहे. एचआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागात, काम करणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. शब्द बदलतात. कुणी विचारतं, "मी कंपनीची की लोकांची?" कुणी म्हणतं, "मी दुटप्पी झालेय." दुखणं एकच असतं.

ही हकिगत एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेच्या मुंबई कार्यालयात काम करणाऱ्या बाईची. तिचं नाव देत नाही, बदललेलंही नाही. तिला कुणी ओळखू नये म्हणून तशाच आणखी दोघींचे तपशील त्यात मिसळले आहेत.

ती प्रादेशिक एचआर पार्टनर. मुंबई, दिल्ली आणि सिंगापूरची माणसं तिच्याकडे, वरिष्ठ लंडनला. सकाळी आठला सिंगापूरचा कॉल, तेव्हा तिथे साडेदहा झालेले असतात. लंडनचा कॉल तिथल्या दुपारी चारला, म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे गेली की तोच कॉल साडेआठवर येतो, नेमका मुलीच्या जेवणाच्या वेळी. झोप उडायला एवढं पुरेसं आहे असं तिला वाटायचं. मलाही पहिल्या भेटीत तसंच वाटलं. झोपेची शिस्त लावून पाहिली, रात्रीचा फोन हॉलमध्ये ठेवून पाहिला. पहाटे तीनची जाग काही जाईना.

तिसऱ्या भेटीत ती ऑफिसखालच्या चहाच्या टपरीबद्दल बोलली. ती जिना उतरताना दिसली की तिथला घोळका पांगतो. म्हणून ती आता दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या टपरीवर एकटी कटिंग घेते. आणि तीच माणसं नंतर एकेकटी तिच्या केबिनमध्ये येतात, दार लोटतात आणि म्हणतात, "हे फक्त तुमच्या-माझ्यात हं!"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"हो म्हणते. दुसरं काय म्हणणार? माणूस विश्वासानं आलेला असतो. तो विश्वास मी जपलाच पाहिजे."

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे 'असं व्हायलाच हवं' अशा हट्टी विचारांना तपासून पाहते, त्यामुळे वाक्यातला 'च' मला सगळ्यात आधी ऐकू येतो. त्या 'च'खाली त्या आठवड्यात तीन गोष्टी दबल्या होत्या. एक व्हिडिओ एडिटर युद्धाचं फुटेज कापून कापून जेवेनासा झाला होता. एका तरुण वार्ताहर मुलीनं एका वरिष्ठाबद्दल अर्धंच बोलून विषय सोडला होता. आणि एका प्रोड्यूसरनं विचारलं होतं, "डोंबिवलीत फ्लॅट बघितलाय, टोकन देऊ ना?" नोकरकपातीच्या यादीत त्याचं नाव होतं. ती यादी अजून सहा आठवडे कुणाला कळायची नव्हती.

तिघांनाही ती 'हो' म्हणाली होती. प्रोड्यूसरला तर हसून म्हणाली होती.

मी विचारलं, "तुमचे वार्ताहर सूत्रांशी बोलतात, तेव्हा नाव छापायचं नाही हे कधी ठरतं?"

"आधी," ती लगेच म्हणाली. "बोलणं सुरू व्हायच्या आधी. सगळं बोलून झाल्यावर कुणी 'हे ऑफ द रेकॉर्ड होतं' म्हणालं तर ते धरत नाहीत. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात हे."

मग ती थांबली. खाली भाजीवाला ओरडत होता, त्याची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती काही बोलली नाही.

"माझ्याकडे ते नंतरच ठरतं," ती म्हणाली. "आणि ठरवतो समोरचा."

इतकी भाषणं देऊन जे झालं नसतं ते त्या एका वाक्यानं झालं. ती ज्याला विश्वासघात म्हणत होती, त्याचं मूळ गुपित फोडण्यात किंवा लपवण्यात नव्हतंच. पाळता येणार नाही असा शब्द ती पहिल्याच मिनिटाला देऊन बसत होती. रात्री तीनला जाग यायची ती त्या शब्दापायी. असं कोडं सुटतं तेव्हा खुर्चीत बसलेल्या माणसाचे खांदे खाली येतात. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो.

पुढच्या दोन भेटींत आम्ही फक्त एक वाक्य घासूनपुसून तयार केलं, कारण ऐनवेळी सुचत नाही. दार लोटलं गेलं की, समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी म्हणायचं: "बसा. आधी एक सांगते. बरंचसं माझ्यापाशीच राहील. पण कुणाचा छळ, जिवाला धोका किंवा पैशाचा घोटाळा असेल, तर मला पुढे जावं लागेल. ते ऐकून मग ठरवा किती सांगायचं." वीस सेकंदांचं काम. तिची भीती होती की लोक येणंच बंद होईल. पहिल्या महिन्यात एक जण खरंच उठून गेला. चार दिवसांनी तोच परत आला.

ज्याचं ओझं नुसतं ऐकून हलकं होतं ते एचआरच्या वहीतही जाऊ नये. सासूचं आजारपण, घटस्फोटाचा विचार वगैरे. काही गोष्टी समोरच्याच्या संमतीनं हलवायच्या असतात, आणि तिथे कारण न सांगता फक्त गरज सांगता येते. त्या एडिटरचं तसंच केलं. त्याला विचारून तिनं डेस्कप्रमुखाला एवढंच सांगितलं की युद्धाच्या फुटेजची पाळी आळीपाळीनं लावा. सोबत सगळ्यांसाठी चार नियम गेले: आवाज बंद ठेवून पाहायचं, स्क्रीनवरची व्हिडिओची खिडकी लहान ठेवायची, तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवायचा नाही आणि फाइलच्या नावातच इशारा लिहायचा, म्हणजे पुढचा माणूस बेसावध उघडणार नाही. एकट्या एडिटरकडे कुणाचं बोट गेलं नाही.

वार्ताहर मुलीचं मात्र वेगळं. इथे चांगल्या मनाच्या एचआरकडून हमखास चूक होते: "मी त्याच्याशी बोलून बघते." बोलू नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असते आणि चौकशी तिचं काम आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत करायची. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समेट हवा असेल तर तो तक्रारदार बाईनं मागायचा, इतर कुणी सुचवायचा नाही, आणि तो पैशावर होत नाही. एचआरनं हे सगळं त्या मुलीला एका कागदावर लिहून द्यावं, तारखांसकट. तारीख उलटून गेली तर सहानुभूतीचा काही उपयोग नाही.

राहिला फ्लॅटवाला. त्याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथे खरं सांगणंही शक्य नव्हतं आणि खोटं बोलणंही नाही. बातमीदारांच्या ऑफिसात गप्प बसण्याचाही अर्थ लावला जातो. यादीत असलेल्यालाच तुम्ही "सांगू शकत नाही" म्हणालात, तर तुम्ही सांगून टाकलंत. म्हणून उत्तर सगळ्यांना, बाराही महिने, एकच हवं: कपात असो वा नसो, "कुणाच्याही पदाच्या भविष्याबद्दल मी कधीच बोलत नाही, हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही." त्याला जोडून कुणालाही सांगता येईल असं एकच: "घर घेताना सहा महिन्यांचे हप्ते पगाराशिवाय भरता येतील एवढी शिल्लक बाजूला ठेवून मगच सही करा." तिनं हे त्याला सांगितलं आणि त्याच आठवड्यात यादीत नसलेल्या दोघांनाही सांगितलं. त्यानं टोकन लांबवलं. तिला त्यानं सुटका वाटली, आनंद नाही, आणि तो वाटू नये हेच बरोबर होतं. वाईट वाटणं आजार नव्हे.

एक गोष्ट मला तिच्याकडून शिकायला मिळाली. मी सहज विचारलं होतं की कंपनीची मोफत समुपदेशन सेवा सोडून तुम्ही दादरला माझ्याकडे का येता? ती म्हणाली, "त्या सेवेचा तिमाही अहवाल माझ्याच टेबलावर येतो. नावं नसतात. पण 'मुंबई, महिला, ३५ ते ४५, एक' असं आलं, तर चाळीस जणांच्या ऑफिसात ती कोण हे शिपाईसुद्धा सांगेल." शेवटच्या भेटीआधी तिनं सेवा देणाऱ्यांना लिहून कळवलं होतं की दहापेक्षा लहान कुठलाही गट अहवालात वेगळा दाखवायचा नाही, शहरं एकत्र करायची. तोवर ज्यांना बाहेरचं कुणी हवंय त्यांच्यासाठी तिनं पॅन्ट्रीत फ्रिजच्या दारावर एक नंबर चिकटवला: १४४१६, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही. त्याचा अहवाल तिच्याकडे येत नाही.