पाच हजारांच्या शिष्यवृत्तीनं काय होणार?

तुम्ही विचारलंय, मुलगी दहावी झाली, तिला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय, काटोलहून नागपूरला ठेवावं लागेल. समाजाच्या मंडळाच्या पाच हजारांसाठी धावपळ करण्यात अर्थ आहे का?

आहे. मी नागपुरात आयटीआयच्या पोरांना शिकवतो, म्हणून सांगतो. शासकीय आयटीआयची फी तशी कमीच असते. पोरं अडतात ती पहिल्या महिन्यात. खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे, बसचा पास, सेफ्टी शूज, पक्कड-टेस्टर, सगळं एकदम अंगावर येतं. सरकारी शिष्यवृत्ती मोठी असली तरी महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग संस्थेची पडताळणी, मग विभागाची मंजुरी, एवढं झाल्यावर खात्यात पडते. मंडळाचा चेक लहान असतो, पण बहुतेक वेळा त्याच्या आधी हातात येतो. कुठून तरी व्याजानं पैसे काढायची पाळी त्यानं टळते.

मंडळांची एक खोड मात्र मला खटकते. शाल, श्रीफळ आणि पाकीट नव्वद टक्केवाल्यांना. अठ्ठावन्न टक्क्यांवर वेल्डर ट्रेडला गेलेल्या पोराला स्टेजवर कोणी बोलावत नाही, आणि खरी नड त्यालाच असते. फॉर्मवर ‘उच्च शिक्षणासाठी’ छापलेलं दिसलं तरी परत फिरू नका. प्रवेशाचं पत्र आणि बोनाफाईड घेऊन सचिवांना सरळ जाऊन भेटा, आयटीआयही धरा म्हणा. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपुरात एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, उभी राहिली, तीही तंत्रशिक्षणासाठीच की!

तुम्ही प्रवर्ग लिहिला नाही. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीची सरकारची स्वाधार योजना बघा. नागपूरसाठी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाकीच्या अटी दीक्षाभूमी रोडवरच्या सामाजिक न्याय भवनात विचारा. प्रवर्ग कुठलाही असो, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलंय का, ते बँकेत जाऊन बघा. मंजूर झालेले पैसे याच एका कारणानं अडकून पडतात.

‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ असं नातेवाईक म्हणतील, म्हणू द्या. इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं झाली की १९६१ च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं. बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने आहेत, कोराडीचं वीज केंद्र आहे. नाहीतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि तिथून पुढे इंजिनीअरिंग. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसच्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, अशा व्यावसायिक पदवीची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. फक्त प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली.

आणि मंडळ एकच कशाला? काटोलचं विचारा, नागपूरचंही विचारा. सरकारी शिष्यवृत्त्या सहसा दोन एकदम घेता येत नाहीत, पण खासगी मंडळांत तशी आडकाठी क्वचितच असते. फॉर्म निकाल लागल्या-लागल्या निघतात, तेव्हा या आठवड्यातच फोन करून ठेवा.