प्रॉडक्शन आणि क्वालिटीची टीम भांडत असेल तर एचआरने आधी काय बघावं

नमस्कार. तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तुम्ही नव्याने एचआर मॅनेजर म्हणून रुजू झालात. प्रॉडक्शन आणि क्वालिटी एकमेकांशी धड बोलत नाहीत, सकाळच्या मीटिंगमध्ये रोज खडाजंगी. लोणावळ्याला दोन दिवसांचं टीम बिल्डिंग झालं, आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा जैसे थे. आता प्लांट हेड म्हणतात, दोन-चार भांडखोर माणसं बदला. आणि तुमचा प्रश्न असा, की संघटना विकास, म्हणजे ओडी (ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट) म्हणतात त्यात एचआरने नेमकं करायचं तरी काय?

माणसं बदलण्याच्या कागदावर इतक्यात सही करू नका. त्या जागेवर दुसरा कोणी आणलात तर दिवाळीपर्यंत तोही तसाच भांडायला लागेल, कारण आजच्या व्यवस्थेत त्याला भांडावंच लागणार आहे. टीममधलं वितुष्ट बहुतेक वेळा कामाच्या मांडणीतून येतं. कोणाचं काम कुठे संपतं, कोणाला कोणावर अवलंबून राहावं लागतं, कोणाचं मोजमाप कशावर होतं, अडल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, या गोष्टी आधी तपासा. ही मांडणी बदलायला हात घातला की एचआरचं ओडीतलं काम सुरू झालं. सहली आणि ट्रेनिंग त्यानंतर.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या कामाच्या ठिकाणच्या माणसांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस आले. मिलमध्ये गौतम साराभाई प्रमुख होते. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते. प्रत्येक कामाचा रीतसर अभ्यास करून कोणी किती माग सांभाळायचे तेही ठरलं होतं. तरी उत्पादन अपेक्षेइतकं येत नव्हतं आणि खराब कापडाचं प्रमाण कमी होत नव्हतं. माग तेच, कामगार अनुभवी. मग पाणी मुरत होतं कुठे?

शेडमध्ये २२४ माग आणि २९ कामगार होते, पण या २९ जणांची कामं बारा प्रकारची. आठ विणकर, पाच बॅटरी भरणारे (बॅटरी म्हणजे मागावर आडव्या धाग्याच्या कांड्या ठेवायची जागा), तीन जण एकदम बरेच धागे तुटले की ते सांधणारे, त्याशिवाय जॉबर म्हणजे मुकादम, त्यांचे मदतनीस, तेलवाला, झाडूवाला वगैरे. प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला मागांची संख्या वेगळी. विणकराकडे साधारण २४ ते ३२, बॅटरी भरणाऱ्याकडे ४० ते ५०, सांधणाऱ्याकडे ६० ते ८०. गणित मांडा, म्हणजे एका विणकराच्या वाट्याला बॅटरी भरणारा येतो पाच-अष्टमांश आणि सांधणारा तीन-अष्टमांश. एका मागावर धागे तुटले तेव्हा सांधणारा दुसऱ्या विणकराच्या मागावर अडकलेला असायचा. पुढच्या खेपेला दुसराच कोणी यायचा. ठरावीक चार माणसांबरोबर काम करतोय असं कोणालाच म्हणता येत नव्हतं. टीम नावालासुद्धा नव्हती, होती ती फक्त हजेरी.

राइस यांनी सुचवलं ते फार साधं होतं. ६४ माग आणि सात माणसं असा गट करायचा, त्या मागांची सगळी कामं त्या सात जणांनी मिळून करायची आणि गटाचा एक म्होरक्या ठेवायचा. कामगारांनी ही कल्पना लगेच उचलून धरली आणि कोणाच्या गटात कोण हे आपसांत ठरवलं. सुरुवातीला चढउतार झाले, पण बसता बसता घडी बसली. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७०च्या सुमारास तिथे पुन्हा गेले तेव्हा एका शेडमध्ये गटांची ती पद्धत जवळपास तशीच टिकून होती आणि दुसरीकडे ती बरीचशी मोडली होती. म्हणजे असे बदल टिकवावे लागतात, पण सांभाळले तर टिकतात.

यात कोणालाही काढलं नाही, कोणाचा स्वभाव सुधारायचं शिबिरही घेतलं नाही, हे प्लांट हेडना जरूर सांगा.

आता चाकणकडे वळू. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘दुसऱ्या पाळीच्या शेवटी हमखास वाजतं.’ तिथेच जाऊन उभे राहा. मला काय दिसेल असं वाटतं ते सांगतो, तुम्ही ताडून बघा. पाळी संपायला अर्धा तास. शेवटच्या ट्रॉलीवर इन्स्पेक्टर होल्डचा, म्हणजे माल थांबवायचा, टॅग लावतो. डिस्पॅचला गाडी लागलेली. प्रॉडक्शनचा सुपरवायझर म्हणतो, बर (कडेला राहिलेली धातूची खरखर) किंचित आहे, घासून देतो, जाऊ दे. क्वालिटीचा इंजिनिअर म्हणतो, कस्टमरकडून तक्रार आली तर उत्तर मला द्यावं लागतं. दोघांच्या वरचे साहेब घरी गेलेले. फोन लागत नाही किंवा लागला तर ‘तुम्ही दोघं बघा’ एवढंच ऐकू येतं. निर्णयाचा अधिकार हजर असलेल्या कोणाकडेच नाही. मग आवाज चढतात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचंच उरलेलं भांडण पुढे चालू होतं.

या दोघांचे केआरए, म्हणजे कामाचं मोजमाप ज्यावर होतं ते निकष, काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. एकाचं इन्क्रिमेंट पाळीच्या आकड्यावर, दुसऱ्याचं कस्टमरच्या तक्रारींवर असणार. एकाने आपलं काम चोख केलं की दुसऱ्याचं बिघडतं, अशी रचना आपणच करून ठेवलेली असते. अशा वेळी प्रामाणिक माणसं जास्त जोरात भांडतात, हेही लक्षात घ्या. ज्यांना काढायचं चाललंय ते दोन-चार जण कदाचित तुमचे सर्वात तळमळीचे लोक असतील.

नाशिकच्या एका कारखान्यात प्रेस शॉप आणि टूल रूमचं असंच हाडवैर होतं. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, टूल रूम सांभाळायची; ती बिघडली की मशीन थांबायचं आणि डाउनटाइमच्या रजिस्टरमध्ये ‘कोणामुळे’ असा एक रकाना होता. रोजची निम्मी मीटिंग त्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं यावर जायची. ऑपरेटर म्हणे डाय नीट घासली नाही, टूल रूम म्हणे सेटिंग चुकीचं केलं. आम्ही तिथे दोनच गोष्टी केल्या. तो रकाना काढून ‘काय झालं’ आणि ‘पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं’ असे दोन रकाने आणले. आणि टूल रूममधले दोन फिटर पाळीपाळीने प्रेस शॉपमध्येच बसवले. त्यांचं टेबल, त्यांचा चहा, सगळं लाइनवर. दुसऱ्याकडेच तर जाऊन बसायचं, म्हणून आधी कुरबुर झाली. पण काही महिन्यांत ऑपरेटर डायचा आवाज बदलला की फिटरला आधीच हाक मारायला लागले. त्यासाठी एकही व्याख्यान द्यावं लागलं नाही.

दोघांना मिळून एक इन्सेन्टिव्ह द्या, असं तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये बँक वायरिंग रूममधल्या, म्हणजे टेलिफोनच्या स्विचना तारा जोडायच्या खोलीतल्या, चौदा जणांचं निरीक्षण झालं. त्यांना गटावर आधारित मोबदला होता, म्हणजे जास्त काम केलं तर सगळ्यांचाच फायदा. तरी दिवसाचं योग्य काम किती हे त्यांनी आपसांत ठरवून घेतलं होतं. त्यापुढे जाणाऱ्याला टोमणे बसत आणि दंडावर गुद्देही. आकडा वाढला की कंपनी दर कमी करेल, अशी धास्ती होती. ती धास्ती खरी की खोटी हा प्रश्न नव्हता, व्यवस्थापनाच्या शब्दावर भरवसा नव्हता हे खरं होतं. चाकणमध्ये तुम्ही गट-इन्सेन्टिव्ह आणलात आणि तीन महिन्यांनी टार्गेट वाढवलंत, तर तेच होईल. म्हणून आणायचाच असेल तर टार्गेट किती काळ बदलणार नाही हे प्लांट हेडकडून लेखी घ्या आणि नोटीस बोर्डावर लावा.

लोणावळ्यात ट्रेनरने गटाचे टप्पे दाखवले असतील: एकत्र येणं, वाद, नियम बसणं, मग कामगिरी. ती मांडणी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांची, १९६५ची. तेव्हाच्या अभ्यासांचा आढावा घेऊन त्यांनी ती केली आणि त्यातले बरेच अभ्यास उपचार गट आणि प्रशिक्षण गटांचे होते. तीन पाळ्यांच्या शॉप फ्लोअरवर, जिथे महिन्याला माणसं बदलतात, ‘वादाचा टप्पा आहे, आपोआप सरेल’ म्हणून वाट बघत बसू नका.

आणि माणसं बदलतात म्हणजे कोण, तर कंत्राटी आणि ट्रेनी. तुमच्या लाइनवर त्यांचं प्रमाण बरंच असणार. लोणावळ्याला त्यांना नेलं होतं का? माझा अंदाज, नाही. टॅग लावलेला माल रिवर्कला (दुरुस्तीला) बसून घासणारा पोरगा बहुधा कंत्राटी असतो. दोष कुठून येतोय हे त्याला सगळ्यात आधी कळतं, आणि त्याला कोणीच विचारत नाही. पाळी बदलताना दहा मिनिटं लाइनवर उभ्या उभ्या बोलायची पद्धत सुरू केलीत, तर त्यालाही त्यात उभं करा.

आता एचआरच्या भूमिकेबद्दल, कारण तुमचा मूळ प्रश्न तो आहे. आपल्या खात्याचा जन्मच भरवसा नसलेल्या जागी झालाय. मुंबईच्या गिरण्यांत भरती, रजा, काढून टाकणं हे सगळं जॉबरच्या हातात असायचं आणि त्यासाठी कामगाराला त्याचे हात ओले करावे लागत. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने लेबर ऑफिसर नेमायची शिफारस केली ती या जॉबरशाहीला आळा घालायला. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर सक्तीचा केला. म्हणजे शिस्त, कल्याण आणि कायदा हा आपला पाया. विकास नंतर आला. १९७४ मध्ये लार्सन अँड टुब्रोने आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांना अप्रेझलची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनाची, पद्धत तपासायला बोलावलं. नुसता फॉर्म बदलून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अप्रेझल, ट्रेनिंग, करिअर, समुपदेशन आणि संघटना विकास हे सगळं जोडून एक एचआरडी (मनुष्यबळ विकास) व्यवस्था उभी करावी आणि ती पर्सोनेल खात्याच्या नेहमीच्या कामापासून वेगळी ठेवावी, ही त्यांची शिफारस. त्यातून देशातलं पहिलं एचआरडी खातं उभं राहिलं.

वेगळं ठेवण्यामागचं कारण तुम्हाला रोज जाणवत असेल. सकाळी ज्याच्या हातात चार्जशीट (आरोपपत्र) दिली, त्याने संध्याकाळी तुम्हाला मनातलं सांगावं अशी अपेक्षा कशी करायची? तुमच्या कारखान्यात दोन खाती परवडणार नाहीत, हे समजू शकतो. निदान एवढं करा: लाइनवर बोलायला बसाल तेव्हा आज कशासाठी बसलोय, यातलं काय वर जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांगा, आणि तो शब्द एकदाही मोडू नका. डोमेस्टिक इन्क्वायरीचं, म्हणजे अशा आरोपांच्या खात्यांतर्गत चौकशीचं, काम शक्यतो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्या.

मोकळं बोलणं सुरू झालं की तक्रारी वाढतील. त्याने घाबरू नका, आणि प्लांट हेडनाही आधीच कल्पना द्या. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांतल्या टीममध्ये औषधं देतानाच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं वाटत होतं, निघाल्या जास्त. तिथले लोक चुका लपवत नव्हते, हे त्यामागचं कारण. तुमच्याकडेही पहिल्या काही महिन्यांत होल्डचा आकडा चढेल. तेव्हा जर कोणी ‘बघा, एचआरने बिघडवलं’ म्हणून जुनी पद्धत परत आणली, तर लोक पुन्हा मूग गिळून बसतील आणि दुसऱ्यांदा तोंड उघडणार नाहीत.

एक अपवाद ठळकपणे सांगतो. कोणी शिवीगाळ करतंय, जातीवरून बोलतंय, एखाद्या मुलीला त्रास देतंय, तर तिथे कामाची मांडणी वगैरे काढू नका. ती चौकशीची बाब आहे, ताबडतोब. लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागतेच, तिच्याकडे द्या. प्रॉडक्शन-क्वालिटीच्या भांडणात असं काही दडलेलं नाही ना, याची खात्री आधी करून घ्या.

सुरुवात अशी करा. आठवडाभर दुसऱ्या पाळीला थांबा आणि फक्त बघा. कोण कोणाला हाक मारतं, माल कुठे अडतो, निर्णयासाठी फोन कोणाला जातो, हे कागदावर उतरवा. मग प्लांट हेडकडून एकच गोष्ट मागा: होल्ड झालेल्या मालावर त्या पाळीतच निर्णय घेणारं एक माणूस, नावानिशी, आणि त्याने घेतलेला निर्णय सकाळी फिरवायचा नाही. हे मिळालं की केआरएचा विषय काढा. दोन्ही सुपरवायझरांना पहिल्या फेरीत पास झालेल्या मालाचा आकडा सामाईक असावा, असं मी सुचवेन. पण तुमचं प्रॉडक्ट आणि कस्टमर कोण यावर ते ठरेल. दोघांचे सध्याचे केआरए, कंपनीचं आणि माणसांचं नाव काढून, इथे टाका. इथे क्वालिटीत काम केलेले बरेच जण आहेत, सगळे मिळून बघू.