प्रायव्हेट लिमिटेड करू, की आहे तेच ठीक?

यावेळी आलेल्या पत्रांमधले तीन प्रश्न घेतलेत, तिन्ही धंदा कुठल्या नावाने करायचा आणि हिशोब कसा ठेवायचा याबद्दलचे. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे नंबर पाठ करण्यापेक्षा गोष्ट समजून घ्या.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी लालबागला राहते. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी मिळून मसाले आणि दिवाळीचा फराळ करतो. सगळं माझ्या नावावर आहे, गुमास्ता, एफएसएसएआयचं फूड लायसन्स, जीएसटी, बँकेचं खातं. गेल्या वर्षी विक्री ६२ लाख झाली, त्यातले २ लाख सोडले तर सगळं यूपीआय नाहीतर बँकेत. खर्च जाऊन ११ लाख उरले, ते दोघी अर्धे अर्धे घेतो. दुसरं उत्पन्न नाही. ओळखीचे एक जण म्हणतात कंपनी करा नाहीतर एलएलपी करा, टॅक्स वाचेल. खरं का?

ताई, टॅक्ससाठी करत असाल तर अजिबात नको, आणि का ते आकड्यातच दाखवते.

आत्ता तुमचं प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे धंदा आणि तुम्ही कायद्याने एकच. धंद्याचा नफा तुमच्या स्वतःच्या स्लॅबने मोजला जातो. नव्या रिजीममधे १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नाला रिबेट मिळून टॅक्स शून्य होतो. म्हणजे ११ लाखांवर शून्य. वर तुम्हाला प्रिझम्प्टिव्ह स्कीमही आहे, जिला सगळे अजून ४४ एडी म्हणतात, त्यात बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा दाखवला की वह्या ठेवायची सक्ती नाही. तुमच्या बाबतीत ते ३ लाख ७६ हजार होतात. पण नफा ११ लाख झालाय ना, मग ११ लाखच दाखवा, टॅक्स तसाही शून्यच आहे आणि उद्या गाळ्यासाठी लोन मागायला गेलात की बँक हाच आकडा बघणार.

आता एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. एलएलपीला स्लॅब नाही, रिबेट नाही, पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. काम करणाऱ्या पार्टनरना पगार देता येतो आणि तो खर्च म्हणून वजा होतो, पण त्याला मर्यादा आहे, नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के आणि उरलेल्यावर ६० टक्के. तुमच्या ११ लाखांतून ५.४० आणि ३ मिळून ८.४० लाख पगार वजा होईल, उरलेल्या २.६० लाखांवर ८१,१२० रुपये टॅक्स. दोघींच्या हातात प्रत्येकी ४.२० लाख पगार, त्यावर शून्य. म्हणजे जिथे आज काहीच जात नाही तिथे ८१ हजार जातील, शिवाय एलएलपीला प्रिझम्प्टिव्ह स्कीम मिळतच नाही आणि ४० लाखांवर उलाढाल गेली की ऑडिट लागतं, तुमची गेलेलीच आहे. कंपनीत दोघींना डायरेक्टर म्हणून पगार काढून नफा खाली आणता येतो, उरलेल्यावर सवलतीचा दर सगळं धरून सव्वापंचवीस टक्क्यांच्या आत येतो, पण कंपनीला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट लागतं आणि आरओसीचे, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारचे, फॉर्म दरवर्षी भरायचे. कंपनीचा कमी दर कामाचा कोणाला, तर ज्याला नफा धंद्यातच ठेवून वाढवायचाय त्याला. तुम्ही सगळा नफा घरी नेता, घरी नेलेल्या पैशाला तुमचा स्वतःचा स्लॅबच स्वस्त पडतो.

इथे खरं तर उत्तर संपायला हवं. पण तुम्ही लिहिलंय "दोघी मिळून" आणि "सगळं माझ्या नावावर", आणि मला टॅक्सपेक्षा तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. तुमची जाऊ तुमच्याइतकीच राबते, अर्धा नफा घेते, आणि कागदावर ती कुठेच नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर खातं, लायसन्स, स्टॉक सगळं तुमच्या वारसांकडे जाईल आणि तिला हे माझंही होतं असं दाखवायला एक चिठ्ठी नसेल. तिच्या नावाने काही रिटर्न भरलं जात नसेल तर तिला स्वतःच्या कमाईवर कर्जही मिळणार नाही. आज तुमच्यात गोडी आहे म्हणूनच हे आत्ता करायचं असतं, वाद झाल्यावर कोणी कोणाला सही देत नाही.

म्हणून माझं मत, रजिस्टर्ड भागीदारी करा. टॅक्सचा दर एलएलपीसारखाच, पण एलएलपी कायद्याचं दरवर्षीचं ऑडिट आणि फॉर्म नाहीत. रजिस्टर करायला कंटाळू नका, रजिस्टर नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकाकडचे पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. करारात पगार किती किंवा कसा मोजायचा ते स्पष्ट लिहा, लिहिलं नसेल तर वजावट मिळत नाही. भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याजही लिहून ठेवा, त्याने ८१ हजारांचा आकडा थोडा खाली येईल. फर्म करून परत प्रिझम्प्टिव्हमधे जाऊ नका, तिथे पार्टनरचा पगार वेगळा वजा होत नाही आणि ३.७६ लाखांवर सरळ ३१.२ टक्के लागून १ लाख १७ हजार जातात. म्हणजे वह्या नीट ठेवायच्या, आणि मग मिरची, खोबरं, धणे घ्यायला मस्जिद बंदरला रोख घेऊन जाणं बंद करावं लागेल, एका दिवसात एकाच व्यापाऱ्याला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरत नाहीत. एप्रिल २०२५ पासून फर्मने पार्टनरला वर्षाला २०,००० च्या वर पगार किंवा व्याज दिलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच सरकारकडे भरायचा टॅक्स, कापायचा, त्यासाठी टॅन हा वेगळा नंबर घ्या, कापलेले पैसे रिटर्न भरून परत मिळतील.

भागीदारीत एक धोका आहे तो लपवत नाही, फर्मचं देणं दोघींच्या घरापर्यंत येऊ शकतं. खाण्याचा धंदा आहे, विमा घ्या, आणि दुकानांना मोठा माल उधारीवर द्यायला लागलात की तेव्हा एलएलपीचा विचार करा. नवीन पॅन म्हणजे नवा जीएसटी, नवं एफएसएसएआय, नवं खातं, तेव्हा बदल १ एप्रिललाच करा, दिवाळीच्या तोंडावर नको. वर्षाला ८१ हजार कमी नाहीत हे मला कळतं. तरी मी तेच सांगेन.

प्रश्न : मी विलेपार्ल्याला इंटिरिअर डिझाइन करते, एकटीच. वर्षभरात ५२ लाखांची बिलं काढली, त्यातली ९ लाखांची मार्चमधे एका बिल्डरला, ते पैसे जुलैपर्यंत येतील असं वाटत नाही. न आलेल्या पैशावर टॅक्स का भरायचा?

भरायचा की नाही हे तुम्ही हिशोब कुठल्या पद्धतीने ठेवता यावर आहे. मर्कंटाइल असेल तर बिल काढलं तेव्हाच उत्पन्न, पैसे येवोत न येवोत. कॅश पद्धत असेल तर पैसे हातात आले तेव्हा. तुमच्यासारख्या एकट्या प्रोफेशनलला कॅश पद्धत चालते आणि जिचे क्लायंट महिनोन्महिने रखडवतात तिला मी तीच सांगते. म्हणजे या वर्षी ४३ लाखच धरा, सगळे बँकेतून आले असतील तर प्रोफेशनलच्या प्रिझम्प्टिव्ह स्कीममधे ७५ लाखांपर्यंत बसता आणि किमान निम्मा, म्हणजे साडेएकवीस लाख नफा दाखवून मोकळ्या होता.

पण अटी नीट समजून घ्या. कॅश म्हणजे दोन्हीकडे कॅश, जमा आली तेव्हा धरायची आणि खर्च मात्र बिल आलं तेव्हाच टाकायचा अशी खिचडी कायद्याला चालत नाही. क्लायंटने फेब्रुवारीत ॲडव्हान्स दिला आणि काम मेमधे सुरू झालं तरी ते फेब्रुवारीचंच उत्पन्न. आणि पद्धत सोयीप्रमाणे दरवर्षी बदलायची नाही, आत्तापर्यंत मर्कंटाइल ठेवत असाल तर फक्त या ९ लाखांसाठी उडी मारलीत तर ते टिकणार नाही, बदलायची तर खऱ्या कारणाने आणि पुढे कायमची.

दोन गोष्टींत लोक नेहमी अडकतात. पहिली जीएसटी. आयकरात कॅश पद्धत असली तरी जीएसटी बिलावरच भरायचा, त्या ९ लाखांवरचा १८ टक्के म्हणजे १ लाख ६२ हजार तुमच्या खिशातून आधी जाणार. दुसरी टीडीएस. बिल्डरचा अकाउंटंट मार्चमधे बिल बुक करताना १० टक्के टीडीएस कापून टाकतो, तो तुमच्या २६ एएस मधे, म्हणजे पॅनवर जमा टॅक्सच्या पत्रकात, या वर्षी दिसतो पण उत्पन्न तुम्ही पुढच्या वर्षी दाखवणार, मग डिपार्टमेंटचं पत्र येतं की आकडे जुळत नाहीत. म्हणून रिटर्नमधे टीडीएसच्या शेड्यूलमधे तेवढी रक्कम या वर्षी न घेता पुढे ओढायची, तिथे रकाना असतो, बरेच जण तो रिकामा सोडतात.

आणि तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलंय का? नसेल तर आजच करा, फुकट आहे. मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतं, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळतो. बिलावर उद्यम नंबर छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिल्डरच्या अकाउंटंटला, बिल्डरला नाही, अकाउंटंटला, एक सभ्य मेल टाका. उशिराचं व्याजही बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ लागतं, आणि नाहीच ऐकलं तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बायका कामाचे पैसे मागायला लाजतात हे मी रोज बघते, ९ लाख तुमचे आहेत, मागा.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र अंधेरीत ॲप बनवतोय, एक इन्व्हेस्टर बोलतोय. एलएलपी स्वस्त पडते असं ऐकलं.

इन्व्हेस्टर खरंच येणार असेल तर प्रायव्हेट लिमिटेडच. त्याला शेअर हवे असतात आणि एलएलपीत शेअर नसतात, एवढ्यावर विषय मिटतो. कंपनीला हिशोब मर्कंटाइलच ठेवायला लागतो, तिथे निवड नाही.

फक्त एक लिहून ठेवा, कंपनीचं खातं तुमचं खातं नाही. घरचं डिपॉझिट भरायला कंपनीतून उसने काढले तर तुमच्यासारख्या मोठा हिस्सा असलेल्या शेअरहोल्डरच्या बाबतीत ते लोन डिव्हिडंड धरून तुमच्या स्लॅबने टॅक्स लागू शकतो, पुढे परत केले तरी. पगार ठरवा आणि तोच घ्या. आणि इन्व्हेस्टरचं अजून नुसतं बोलणंच असेल तर थांबा, कारण कंपनीतून परत एलएलपीत टॅक्स न लागता यायचं तर आधीच्या तिन्ही वर्षांत उलाढाल ६० लाखांच्या आत असावी लागते, आणि ॲप चाललं तर तुम्ही त्याच्या पुढे गेलेले असाल. त्याच्याकडून टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, लेखी येऊ दे, मग कंपनीचं नाव रिझर्व्ह करा.