एखाद्या शहराला राजधानी म्हणून 'मान्यता' देणं म्हणजे नक्की काय? ती परत घेता येते का?

राजधानी कुठली हे ज्याचं त्याने ठरवायचं, मग 2017 मध्ये अमेरिकेने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी म्हणून मान्यता दिली यावर जगभर एवढा गदारोळ का, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे, कारण एरवी अशी मान्यता कोणी मागतही नाही आणि कोणी देतही नाही.

म्यानमारने 2005 मध्ये आपला कारभार यांगूनहून नेपिडोला हलवायला घेतला. बहुतेक देशांनी दूतावास यांगूनमध्येच ठेवले, पण नेपिडो राजधानी नाही असं काही कोणी म्हणालं नाही. नेदरलँड्सची राजधानी अ‍ॅमस्टरडॅम, तर सरकार, संसद आणि परदेशी दूतावास हेगमध्ये. यावरूनही कधी भांडण झाल्याचं ऐकिवात नाही. राष्ट्र कशाला म्हणायचं याच्या चार कसोट्या 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात आहेत: कायमची लोकसंख्या, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. राजधानीचं त्यात नावही नाही.

मान्यतेचा प्रश्न येतो तो शहर ज्या जमिनीवर उभं आहे तिच्या मालकीवरच वाद असेल तेव्हा. शीतयुद्धात पूर्व जर्मनी पूर्व बर्लिनला राजधानी म्हणायचा. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या लेखी मात्र संपूर्ण बर्लिनवर दुसऱ्या महायुद्धातल्या चार विजेत्या राष्ट्रांचा अधिकार होता. म्हणून तिथे दूतावास उघडूनही त्यांनी राजधानीचा दावा शेवटपर्यंत मानला नाही.

जेरुसलेमचं प्रकरण याहून किचकट. पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या 1947 च्या ठरावात संयुक्त राष्ट्रांनी हे शहर ज्यू किंवा अरब यांपैकी कोणालाच न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचं म्हटलं होतं. 1948 च्या युद्धानंतर पश्चिम भाग इस्रायलकडे आणि पूर्व भाग जॉर्डनकडे गेला. 1967 मध्ये पूर्व भागही इस्रायलने घेतला. 1980 मध्ये इस्रायलने कायदा करून अखंड जेरुसलेम ही आपली राजधानी असल्याचं जाहीर केलं. त्यावर सुरक्षा परिषदेने ठराव 478 केला: हा कायदा आम्हाला मान्य नाही, ज्यांचे दूतावास तिथे आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत. ठरावाच्या बाजूने 14 मतं पडली आणि अमेरिका तटस्थ राहिली. लॅटिन अमेरिकेतले बरेच देश आणि नेदरलँड्स यांचे दूतावास तेव्हा तेल अवीवकडे गेले.

गंमत म्हणजे, व्यवहारात जेरुसलेमला टाळणं कोणालाच जमलेलं नाही. संसद तिथे, पंतप्रधानांचं कार्यालय तिथे, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थानही तिथेच. तेल अवीवमध्ये बसणारा राजदूत आपलं अधिकारपत्र द्यायला जेरुसलेमलाच जातो. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात 1977 मध्ये इस्रायली संसदेत बोलले तेही जेरुसलेममध्येच. कारभार तिथून चालतो हे सगळे मान्य करतात, पण त्या जमिनीवरच्या हक्कावर शिक्का मारायला तयार नसतात. माझ्या मते सगळा पेच एवढ्यातच आहे.

हा शिक्का किती बारीक गोष्टींवर उमटतो ते अमेरिकी पासपोर्टवर दिसतं. जेरुसलेममध्ये जन्मलेल्या अमेरिकी नागरिकाच्या पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून फक्त 'जेरुसलेम' छापलं जायचं, देशाचं नाव नाही. 2002 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, की मागणी केल्यास 'इस्रायल' लिहावं. परराष्ट्र खात्याने तो अमलात आणला नाही. एक कुटुंब कोर्टात गेलं आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मान्यता देण्याचा अधिकार एकट्या राष्ट्राध्यक्षाचा, संसदेने त्यात पडू नये. पासपोर्टवरच्या एका ओळीसाठी केवढा हा खटाटोप! ती ओळ बदलण्याची मुभा मिळाली 2020 मध्ये.

दूतावासाचंही तसंच. तो जेरुसलेमला हलवावा असा कायदा अमेरिकेत 1995 पासून होता, पण त्यात एक पळवाट होती. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन दर सहा महिन्यांनी सही केली की हलवणं पुढे ढकलता यायचं. क्लिंटन, बुश, ओबामा सह्या करत राहिले. ट्रम्प यांनीही जून 2017 मध्ये केली. मग 6 डिसेंबरला त्यांनी मान्यता जाहीर केली आणि मे 2018 मध्ये दूतावास सुरू झाला. त्याच घोषणेत त्यांनी हेही सांगितलं, की शहरात इस्रायलच्या सार्वभौमत्वाची हद्द कुठपर्यंत यावर आम्ही काही भूमिका घेत नाही. म्हणजे राजधानी मान्य, पण तिच्या सीमा गुलदस्त्यात! घोषणेनंतर त्याच डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या निर्णयाविरुद्ध 128 विरुद्ध 9 मतांनी ठराव झाला. भारताचं मत त्या 128 मध्ये होतं. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात, त्यामुळे अमेरिकेला काही फरक पडला नाही.

आता मान्यता परत घेण्याबद्दल. घेता येते, आणि सहज घेता येते. हा पूर्णपणे सरकारच्या मर्जीचा मामला आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2018 मध्ये पश्चिम जेरुसलेमला मान्यता दिली. सरकार बदलल्यावर ऑक्टोबर 2022 मध्ये ती काढून घेतली. पॅराग्वेने तर कमालच केली. मे 2018 मध्ये दूतावास जेरुसलेमला नेला, सप्टेंबरमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी तो परत तेल अवीवला आणायचं ठरवलं, त्यावर चिडून इस्रायलने पॅराग्वेमधला आपला दूतावासच बंद केला. डिसेंबर 2024 मध्ये आणखी एका राष्ट्राध्यक्षांच्या काळात पॅराग्वेचा दूतावास पुन्हा जेरुसलेममध्ये उघडला.